वाचक विचारतात: वासोट्याला न्यायचं की सज्जनगडाला?

या महिन्यात सहलींबद्दलची पत्रं बरीच आली. भूगोल शिकवता शिकवता मुलांना घेऊन साताऱ्याच्या आसपासचे डोंगर चालण्यात माझी नोकरी गेली, म्हणून संपादकांनी ती माझ्याकडे पाठवली. निवडक पत्रांना इथे उत्तरं देते.

बाई, सप्रेम नमस्कार. मी माण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवतो. आमची सहल दरवर्षी गणपतीपुळे नाहीतर वॉटर पार्क अशी ठरलेली असते. यंदा आठवी-नववीच्या साठ मुलांना काहीतरी साहसाचं आणि अभ्यासाचं द्यावं असं आम्हा शिक्षकांना वाटतं. मुलांनी एकमुखानं वासोटा किल्ला सुचवलाय. डिसेंबरात एका दिवसात जमेल का? (एक शिक्षक, दहिवडी परिसर)

सर, वासोटा मला फार प्रिय आहे, तरी साठ मुलांना घेऊन तिथे जाऊ नका. बामणोलीहून शिवसागर जलाशयातून बोटीचा प्रवास, मग मेट इंदवलीपासून दाट जंगलातली अंगावर येणारी चढण आणि संध्याकाळच्या आत परत. हे एका दिवसात बसवायचं तर दहिवडीहून एसटी पहाटे फार लवकर सोडावी लागेल. जागरण झालेली मुलं चढून जातात, पण दुपारी उतरताना त्यांचे पाय लटपटतात आणि घसरणं होतं ते तेव्हाच. हा भाग कोयना अभयारण्यातला, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातला आहे. वनखात्याची परवानगी लागते, प्लॅस्टिकची मोजदाद होते, मुक्काम करता येत नाही. गवे आणि अस्वलं असलेल्या रानात हे नियम असायलाच हवेत. पण माझी खरी अडचण वेगळी आहे. साठ मुलांची रांग अरुंद वाटेवर इतकी लांबते की पुढच्या शिक्षकाला मागे काय झालं ते कळत नाही. शेवटचं मूल ज्या वाटेवर नजरेत राहत नाही, ती वाट त्या गटाची नाही, असं मी मानते.

तुमच्या मुलांना मी सज्जनगड सुचवीन. गाडीरस्त्यानं वरपर्यंत जाऊ नका, खाली परळीत उतरा आणि पायऱ्यांच्या वाटेनं चढा. मुलं म्हणतील, सज्जनगड तर आजीबरोबर पाहिलाय. पाहिला असेल, चढून पाहिलेला नसतो.

अभ्यासाची सुरुवात मात्र दहिवडीच्या एसटी स्टँडवरच करा. तुमच्या भागात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि याच जिल्ह्यात महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार. पर्जन्यछाया, म्हणजे डोंगराआडचा कमी पाऊस, तुमची मुलं जन्मापासून सोसतायत, पण सह्याद्रीची दुसरी बाजू त्यांनी नीट पाहिलेली नाही. प्रत्येक बाकावर एक वही द्या. दर अर्ध्या तासानं बाहेर दिसेल ते लिहायचं. आधी माळ, बाभळी, बोरी, ज्वारी. वर्धनगडाचा घाट उतरून कोरेगावकडे आलात की ऊस आणि आलं. सातारा ओलांडून परळीच्या खोऱ्यात शिरलात की भातखाचरं आणि घरांवरची उतरती छपरं. गडावर जेवणं झाली की या वह्या एकापुढे एक वाचायला लावा. एकाच जिल्ह्यात हे असं का, हा प्रश्न मुलंच विचारतील. तेव्हा लगेच उत्तर देऊ नका. पश्चिमेकडे तोंड करून उभं करा आणि ढग कुठून येत असतील ते त्यांना दाखवायला सांगा.

चढताना डोंगराची बांधणी दाखवा. उभा कातळ, मग गवताचा उतार, पुन्हा कातळ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा थरावर थर पसरत गेला. टणक थरांचे कडे राहिले, ठिसूळ थर झिजून उतार झाले. आपल्या भागात दोन थरांमध्ये कुठे कुठे विटकरी मातीचा पट्टा दिसतो. परतीच्या घाटात रस्ता खोदलेल्या जागी तो सापडला तर गाडी सुरक्षित जागी थांबवून मुलांना त्याला हात लावू द्या. एक लाव्हा निवून, झिजून त्याची माती झाली आणि मग दुसरा त्यावर येऊन पसरला. मधला तो सगळा काळ त्या वीतभर पट्ट्यात आहे. हे कळल्यावर मुलं गप्प होतात, हे मी वर्गात कधी पाहिलं नाही, डोंगरावर नेहमी पाहिलं.

आणि साहस? आठ-आठ मुलांचे गट करा आणि प्रत्येक मुलाला काम द्या. एक पुढे वाट पाहणार, एक सगळ्यांच्या मागे चालणार, एक पाण्याचा हिशेब ठेवणार (माणशी दोन लिटर, त्यातलं अर्धं उतरताना शिल्लक हवं), एकाकडे प्रथमोपचाराची पेटी, एकाकडे नकाशा आणि होकायंत्र. वर पोचल्यावर उरमोडी धरणाचं पाणी कुठे, अजिंक्यतारा कुठल्या दिशेला, हे होकायंत्रानं शोधायचं. कुठे थांबायचं, किती वेळ थांबायचं, हे त्या दिवसाच्या गटप्रमुखानं ठरवायचं आणि शिक्षकांनी ते पाळायचं. धोका दिसला तरच मध्ये पडा. गटप्रमुख म्हणून वर्गातल्या हुशार मुलालाच नेमू नका. शेळ्या राखणारी, रानात उन्हाची सवय असलेली मुलं तुमच्याकडे आहेत. त्यांना त्या दिवशी पुढे चालू द्या. वर्गात मागच्या बाकावर बसणारा मुलगा दगड बघून वाट ओळखतो तेव्हा बाकीची मुलं त्याच्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागतात आणि शिक्षकही.

समर्थ रामदासांची समाधी, राममंदिर, त्यांच्या निधनाचं १६८२ साल, हे तुम्ही सांगालच. उतरल्यावर परळीतली जुनी शिवमंदिरंही दाखवा, ती बघायला फारसं कुणी थांबत नाही.

या साठातल्या ज्या दहा-बारा मुलांचं चालणं आणि वागणं तुम्हाला भरवशाचं वाटेल, त्यांना पुढच्या थंडीत वासोट्याला न्या. आदल्या रात्री साताऱ्यात मुक्काम करा.

माझी मुलगी सातवीत आहे. शाळा पाचगणीजवळ एक रात्र शिबिराला नेणार आहे. तंबूत झोपणं, दोरावरून कडा उतरणं, झिपलाइन असं सगळं आहे. तिचे वडील नको म्हणतात, ती रडते. मी मध्ये सापडलेय. (एक आई, मिरज)

ताई, तिला पाठवावं असंच मला वाटतं. पण आधी शाळेत जाऊन समोरासमोर बोला आणि वडिलांनाही बरोबर न्या. त्यांची भीती खोटी नाही. २०१६ साली पुण्याहून सहलीला आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले, ते आपल्यातलं कुणी विसरलेलं नाही.

पहिलं, शिबिर चालवणारी संस्था पर्यटन संचालनालयाकडे नोंदलेली आहे का? राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलं, त्यात ही नोंदणी आहे. प्रमाणपत्राची प्रत मागा, त्यात कुणाला अपमान वाटायचं कारण नाही. दुसरं, कड्यावर दोराजवळ उभा राहणारा माणूस कुठे शिकला? उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट अशा ठिकाणी रीतसर अभ्यासक्रम असतात. पण नुसत्या प्रमाणपत्रावर थांबू नका, तो मुलांबरोबर किती काळ काम करतोय तेही विचारा.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मूल ज्या दोरावरून उतरतं त्याखेरीज दुसरा, सुरक्षेचा दोर असतो का? तो वेगळ्या अँकरला (दोर अडकवायच्या पक्क्या आधाराला) बांधलेला आणि दुसऱ्या प्रशिक्षकाच्या हातात हवा. म्हणजे घाबरून मुलीचा हात सुटला तरी ती खाली जात नाही. हे विचारल्यावर समोरचा माणूस उत्साहानं समजावून सांगायला लागला तर समजा की जागा बरी आहे. ‘काही होत नाही हो’ असं म्हणाला तर मुलीला पाठवू नका.

हेल्मेट मापाचं हवं. मोकळे केस, ओढणी, गळ्यातली साखळी उतरण्याच्या उपकरणात अडकते, म्हणून केस घट्ट बांधून पाठवा. रात्री मुलींच्या तंबूंजवळ शिक्षिका झोपणार आहेत का आणि दवाखाना किती अंतरावर आहे, हे लेखी घ्या. धोमच्या जलाशयात कुणीही उतरणार नाही, हेही लेखी घ्या. धरणाच्या पाण्यात काठापासून चार पावलांवर एकदम खोली लागते, खाली गाळ असतो आणि पोहता येणारी मुलंही तिथे फसतात.

एवढं झालं की मुलीला एकच सांगा. कड्याच्या टोकाशी उभं राहून नको वाटलं तर नको म्हणायचं. आणि ती नको म्हणाली तर कुणी तिला हसणार नाही, ढकलणार नाही, याची हमी शिक्षकांकडून तिच्यासमोरच घ्या.

गडावर आग्या मोहोळ उठलं तर काय करावं? (स्काउट शिक्षक, फलटण)

उठू नये म्हणून आधीच जपा. अत्तर, सेंट, डिओ लावून कुणी येणार नाही. गडावर चूल नाही, धूर नाही, शिट्ट्या-आरोळ्या नाहीत, कड्याकडे दगड भिरकावणं नाही. कड्याखाली पोळी लोंबताना दिसली की त्या बाजूला जाऊच नका. तरीही माश्या आल्या तर तोंड-डोकं कापडानं झाकून, वाट न सोडता तिथून लवकर दूर जायचं. हातांनी झटकायचं नाही, टाक्यात उडी मारायची नाही. दूर गेल्यावर नांग्या नखानं किंवा कार्डानं खरवडून लगेच काढा. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला किंवा खूप डंख झाले तर वाट न बघता १०८ ला फोन करा. फोनला रेंज कुठे मिळते ते चढतानाच पाहून ठेवायचं.

बाई, मी नववीत आहे. सहलीच्या दिवशीच माझी पाळी येणार आहे. आई म्हणते जाऊ नकोस, गड चढायचा आहे. मला जायचंय. (एक विद्यार्थिनी, विटा)

बाळ, जा. पोट फार दुखत नसेल, चक्कर येत नसेल तर पाळीत गड चढायला काहीच हरकत नाही. गडद रंगाची सलवार किंवा ट्रॅकपँट घाल, जादा पॅड आणि एक जादा कपड्याचा जोड ने. वापरलेलं पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून बंद पिशवीत ठेव आणि खाली कचऱ्याच्या डब्यात टाक, झुडपात नाही. पाणी कमी पिऊ नकोस. लघवीला कुठे जायचं या काळजीनं मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि दुपारी त्यांचं डोकं दुखतं, ते पाळीमुळे नसतं.

तुझ्या वर्गशिक्षिकांना आधी सांग. आणि त्यांनाही मी इथून सांगते: वाटेत मुलींसाठी कुठे थांबायचं ते सहलीच्या आधी जाऊन बघून या आणि एक चादर बरोबर ठेवा, आडोसा करायला. आईला हे पत्र वाचून दाखव.

आमची शाळा लहान, पालक ऊसतोड आणि शेतमजुरीवर. कमी खर्चात, जवळ, पण खरंच काही शिकवणारी जागा सांगाल? (मुख्याध्यापिका, तासगाव तालुका)

सागरेश्वरला जा. तुमच्यापासून फार लांब नाही. हे अभयारण्य माणसांनी उभं केलेलं आहे. उघड्याबोडक्या डोंगरावर झाडं लावली, राखली, हरणं आणून सोडली. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी त्यासाठी किती खस्ता खाल्ल्या, ते मुलांना सांगा. इतर अभयारण्यांत जंगल आधीपासून असतं, इथे ते गावाजवळच्या माणसांनी आणलं. दुष्काळी भागातल्या मुलांनी हे बघावं, असं मला मनापासून वाटतं.

सकाळी लवकर आत शिरा, चितळ आणि सांबर तेव्हाच दिसतात. शांत चाला. मुलांना ठसे आणि लेंड्या शोधायला सांगा. प्रत्यक्ष हरीण दिसलं नाही तरी ते कुठून गेलं, काय खाल्लं, हे ओळखता येतं. वरून कृष्णाकाठचा उसाचा हिरवा पट्टा दिसतो. पायाखालचा कोरडा डोंगर आणि समोरचं ओलं खोरं, दोन्हींचं चित्र एकाच कागदावर काढायला लावा. परतताना देवराष्ट्रे करा. यशवंतराव चव्हाणांचा जन्म तिथला, १२ मार्च १९१३ चा, आणि सागरेश्वराची जुनी देवळंही त्याच बाजूला आहेत.

एसटी शालेय सहलींना भाड्यात निम्मी सवलत देते, त्यासाठी आगाराकडे शाळेच्या पत्रासह अर्ज करा. हंगामात गाड्या लवकर भरतात. शिक्षण विभागाची परवानगी आणि पालकांची संमतीपत्रं आधी गोळा करा, मगच गाडीची तारीख पक्की करा. जेवणाचा खर्च नको, प्रत्येकानं घरची भाकरी आणावी. जी मुलं आणू शकणार नाहीत त्यांच्यासाठी शिक्षकांनी चार भाकऱ्या जास्त बांधाव्यात आणि सगळ्यांनी एकत्र बसून वाटून खावं.