रोजची गाडी, ताकदीची गाडी

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

ट्यून करून रोज वापरायला घ्यायच्या गाड्यांची तुझी यादी मिळाली. सुबारू डब्ल्यूआरएक्स, तिचीच जास्त ताकदीची जुनी बहीण एसटीआय, फोक्सवॅगन गोल्फ आर, टोयोटा जीआर कोरोला आणि सगळ्यात शेवटी मित्सुबिशी इव्होल्यूशन. यादी चांगली आहे. पाचही गाड्यांत चारही चाकांना ताकद जाते, पाचही टर्बो आहेत आणि पाचही ट्यून करणारे लोक अमेरिकेत गावोगावी भेटतात. पण प्रत्येक गाडीसमोर तू फक्त दोन आकडे लिहिलेस: कंपनीची हॉर्सपॉवर आणि ट्यूननंतरची हॉर्सपॉवर. तेवढ्यावरून निवड करू नकोस. ही गाडी तुला रोज ट्रॉयहून ऑबर्न हिल्सला न्यायची आहे, मिशिगनच्या हिवाळ्यात, आय-७५ च्या खड्ड्यांतून. उन्हाळ्यात आई-बाबा आले की विमानतळावरून त्यांच्या चार मोठ्या बॅगाही तिच्यातच येणार.

मी इंजिन कॅलिब्रेशनमध्ये काम करतो, म्हणून आधी तिथलं सांगतो. कोणतीही कंपनी इंजिनाला त्याच्या कुवतीच्या कडेला नेऊन बाजारात सोडत नाही. तीच गाडी ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात चालणार असते, कोलोरॅडोच्या उंचीवर चढणार असते. एखादा मालक तिच्यात हलकं पेट्रोल भरणार असतो, दुसरा ऑइल बदलायला विसरणार असतो. या सगळ्यांसाठी बूस्ट (टर्बो इंजिनात हवा ढकलतो तो दाब) आणि इग्निशनचं टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) थोडं आवरून ठेवलेलं असतं. ट्यूनर ईसीयूचे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे, नकाशे बदलतो तेव्हा हीच राखीव कुवत खर्च करतो. त्यात गैर काही नाही. पण ती कुवत कुठे किती आहे आणि खर्च झाल्यावर आधी काय तुटतं, हे गाडी घेण्याआधी माहीत हवं. कुठे पिस्टन जातो, कुठे क्लच, कुठे गिअरबॉक्स.

आणि तोडणारा बहुतेक वेळा टॉर्क, म्हणजे फिरवणारा पिळाचा जोर असतो, हॉर्सपॉवर नव्हे. सहाव्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर जोरात ॲक्सिलरेटर दाबला, तर लहान टर्बो इंजिनात ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटू शकतं. सिलिंडरमधला दाब अशा वेळी एकदम इतका वाढतो की पिस्टन किंवा कनेक्टिंग रॉड एका झटक्यात जातो. ट्यून केलेल्या गाडीत कमी आरपीएमलाच टॉर्क जास्त मिळत असल्यामुळे हा धोका आणखी वाढतो. ट्यूनर निवडताना त्याला विचार, तीन हजार आरपीएमखाली तू टॉर्क किती ठेवतोस. या प्रश्नावर जो नीट बोलतो, त्याच्याकडे जा. जो फक्त वरचा आकडा सांगत राहतो, त्याच्याकडे जाऊ नकोस.

आता यादीकडे येऊ. इव्होवरचा तुझा जीव मला कळतो. नाशिकच्या रॅलीत मित्सुबिशीची सेडिया पळताना पाहिलेल्या घरातली तू. रॅलीचालक टॉमी मॅकिनेनने १९९६ ते १९९९ सलग चार वर्षं जगज्जेतेपद मिळवलं ते लॅन्सर इव्होमधूनच. पण शेवटची इव्हो २०१५ ची आहे. सुटे भाग दुर्मीळ होत चाललेत, आणि ज्या गाड्या विकायला येतात त्यातल्या बहुतेक चार हातांतून पिळून निघालेल्या असतात. एकुलती एक रोजची गाडी म्हणून ती नको. जीआर कोरोलाचं १.६ लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन ३०० हॉर्सपॉवर देतं, ही अभियांत्रिकीची कमाल आहे. पण मागची सीट आणि डिकी पाहून ये, आई-बाबांच्या बॅगांचा प्रश्न तिथेच निकालात निघेल.

एसटीआयबद्दल सविस्तर लिहितो, कारण तुझं मन तिच्याकडे ओढ घेतंय हे यादीवरून दिसतं. २००४ ते २०२१ या सगळ्या काळात अमेरिकेतल्या एसटीआयमध्ये ईजे२५७ हे एकच २.५ लिटरचं इंजिन होतं. आवाज असा की दोन गल्ल्या पलीकडून ओळखावा. पण त्याच्या पिस्टनवर रिंगा जिथे बसतात तिथली कड नाजूक असते. बूस्ट वाढवलेला असला आणि नॉक (मिश्रण नको तेव्हा पेटून बसणारा ठोका) होत राहिला की ती कड तुटते, कॉम्प्रेशन गळतं, गाडी ऑइल प्यायला लागते आणि पुढे इंजिन उतरवावं लागतं. एसटीआय घ्यायचीच असेल तर चारही सिलिंडरची कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन (दाब कुठून किती गळतो ते दाखवणारी) चाचणी झाल्याशिवाय पैसे देऊ नकोस. सुबारूचं इंजिन वाचणारं उपकरण जोडलं की ‘डायनॅमिक ॲडव्हान्स मल्टिप्लायर’ नावाचा एक आकडा दिसतो. इंजिन स्वतःच्या इग्निशनवर किती भरवसा ठेवतंय, ते तो सांगतो. तो १ असायला हवा. त्याखाली असेल तर त्या इंजिनाने नॉक अनुभवलाय आणि ते घाबरून चालतंय.

२०२२ पासूनची डब्ल्यूआरएक्स वेगळी आहे. २.४ लिटर, २७१ हॉर्सपॉवर आणि मॅन्युअल गिअरबॉक्स असेल तर मधल्या डिफरन्शियलमधून पुढे-मागे ताकदीची सारखी वाटणी. बर्फावर ही वाटणी फार विश्वासाची वाटते, कारण चाक घसरण्याची वाट न पाहता मागची चाकं आधीपासूनच काम करत असतात. ऑटोमॅटिक घेऊ नकोस. त्यात सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला गिअरबॉक्स आहे, आणि वाढवलेला टॉर्क सीव्हीटीला झेपत नाही.

माझं मत मात्र गोल्फ आरकडे झुकतं. तीही २०१८ किंवा २०१९ ची, कोणीही हात न लावलेली. तिचं दोन लिटरचं ईए८८८ इंजिन मजबूत आहे. नुसत्या सॉफ्टवेअरने ते साडेतीनशे हॉर्सपॉवरच्या आसपास जातं आणि तरीही सकाळी ऑफिसला नेताना साध्या गोल्फसारखं वागतं. पाच दरवाजे, मोठी डिकी, आणि एसीला खरीखुरी फिरणारी बटणं. यानंतरच्या पिढीत तापमान बदलायला अंधारात न दिसणाऱ्या स्पर्शपट्ट्या दिल्या. जानेवारीत हातमोजे घालून त्या वापरून बघ, म्हणजे मी जुनीवर का अडून बसलोय ते कळेल.

या गाडीचीही एक दुखरी जागा आहे. तिची ऑल-व्हील-ड्राइव्ह हाल्डेक्स पद्धतीची आहे. मागच्या डिफरन्शियलला लागून विजेवर चालणारा एक छोटा ऑइलपंप असतो. तो दाब देतो, क्लचच्या चकत्या आवळल्या जातात आणि मागच्या चाकांना ताकद मिळते. चकत्यांची झीज त्याच ऑइलमध्ये उतरते आणि पंपाच्या तोंडाशी असलेल्या बारीक जाळीवर काळ्या चिखलासारखी बसते. नुसतं ऑइल काढून नवं भरलं तर ती जाळी तशीच राहते. पंप बाहेर काढून जाळी धुवावी लागते, आणि पुष्कळ गॅरेजांत हे कोणी करत नाही. जाळी तुंबली की पंपावर ताण येतो, शेवटी तो जळतो आणि गाडी मुकाट्याने पुढच्या दोन चाकांवर चालू लागते. कोरड्या रस्त्यावर पत्ताही लागत नाही. म्हणून विकणाऱ्याला विचार, हाल्डेक्सचं काम कधी झालं आणि जाळी काढली होती का. बिल दाखवायला सांग. याशिवाय थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाच्या प्लास्टिकच्या घरातून कूलंट झिरपतं, ते टॉर्च मारून बघ.

टायरचं आता नीट ऐक, कारण नव्याने आलेली आपली मुलं यातच फसतात. ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी निघताना मदत करते, थांबताना नाही. ब्रेक दाबलास की तुझी गाडी आणि शेजारची साधी कोरोला दोघी फक्त टायरच्या रबरावर उभ्या असतात. उन्हाळी टायरचं रबर सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होतं. म्हणून हिवाळी टायरचा वेगळा संच घे, शक्य तर एक इंच लहान रिमवर. मार्चमध्ये बर्फ वितळून खड्डे उघडे पडतात तेव्हा जाड कडेचा टायर रिम वाचवतो. आणि एक टायर फुटला तर एकटाच नवा टाकू नकोस. सुबारूमध्ये चारही टायरच्या नक्षीच्या खोलीत २/३२ इंचापेक्षा जास्त फरक चालत नाही. फरक जास्त असेल तर मधली यंत्रणा सतत दोन वेगवेगळ्या गतींशी झुंजत राहते आणि तापून मरते. गाडी पाहायला जाशील तेव्हा मोकळ्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी हळू गोल फिरव. गाडी अडखळली, मागून कोणी धरून ठेवल्यासारखी वाटली, तर तिथूनच परत ये.

पेट्रोलचा ऑक्टेन आकडा बघून गोंधळू नकोस. भारतात पंपावर पूर्वी जो ९१ असायचा, तो मोजण्याच्या ‘रॉन’ पद्धतीचा. इथे पंपावर दोन पद्धतींची सरासरी लिहितात, त्यामुळे इथलं ८७ आणि आपलं ते ९१ जवळपास एकच. तुला ९३ लागेल, नेहमी. ई८५ चा, म्हणजे भरपूर इथेनॉल मिसळलेल्या इंधनाचा मोह होईल, कारण इथेनॉल सिलिंडर थंड ठेवतं आणि नॉक लांब ठेवतं. पण त्यातलं इथेनॉल ऋतूप्रमाणे ५१ ते ८३ टक्क्यांपर्यंत बदलतं, म्हणून इथेनॉल मोजणारा सेन्सर बसवल्याशिवाय त्याला हात लावू नकोस. पेट्रोलपेक्षा ते सुमारे तीस टक्के जास्त जळतं, तेही खर्चात धर.

तुझा ऑफिसचा रस्ता लहान आहे. हिवाळ्यात तेवढ्या अंतरात कूलंट गरम होतं, पण इंजिन ऑइल पुरतं तापत नाही, आणि न जळलेलं पेट्रोल त्यात मिसळत राहतं. फोक्सवॅगन १० हजार मैलांवर ऑइल बदलायला सांगते. तू ५ हजारांवर बदल. आणि ऑइल तापेपर्यंत टर्बोला कामाला लावू नकोस.

पैशाचं आणि व्हिसाचं मी उघडपणे लिहितो, कारण इथले ट्यूनर हे तुला सांगणार नाहीत. तू ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर आहेस. त्यात बेकारीचे एकूण ९० दिवस मिळतात. उद्या एच-वन-बी झाली तर नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ६०. तशी वेळ आली तर गाडी आठवड्यात विकली गेली पाहिजे. मूळ स्थितीतली गोल्फ आर कुठलाही डीलर घेतो. ट्यून केलेल्या गाडीकडे तो संशयाने बघतो, लावलेल्या सामानाचे पैसे देत नाही, उलट भाव पाडतो. म्हणून जे काही बदलशील त्याचा मूळ भाग पेटीत घालून घरी ठेव. वॉरंटीचंही तसंच. १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यामुळे बाहेरचा भाग लावला एवढ्यावरून कंपनी हात वर करू शकत नाही, पण बदलामुळेच बिघाड झाला असं दिसलं तर करू शकते. डीलरचा स्कॅनर बदललेलं सॉफ्टवेअर ओळखतो. नवी डब्ल्यूआरएक्स घेतलीस तर वॉरंटी संपेपर्यंत ट्यूनचा विचार बाजूला ठेव.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकायला कोणी सुचवेल. मिशिगनमध्ये धुराची तपासणी होत नाही, म्हणून ते सोपं वाटतं. पण केंद्राच्या क्लीन एअर ॲक्टखाली ते बेकायदेशीर आहे, आणि मागच्या गाडीतल्या माणसाच्या छातीत जाणारा धूर तपासणीवर अवलंबून नसतो. शिवाय उद्या कॅलिफोर्नियात नोकरी लागली तर? तिथे २०२१ पासून स्मॉग तपासणीत ईसीयूमधलं सॉफ्टवेअरसुद्धा तपासतात. राज्याची मान्यता असलेलं ट्यून असेल तरच गाडी पास होते.

आणि रस्त्यावर ही ताकद आजमावू नकोस. मिशिगनमध्ये रेकलेस ड्रायव्हिंग हा फौजदारी गुन्हा आहे, आणि व्हिसाच्या प्रत्येक अर्जात त्याचं उत्तर द्यावं लागतं. क्लार्कस्टनला वॉटरफर्ड हिल्स आहे, साउथ हेवनला जिंजरमन रेसवे आहे. ट्यूनच्या आधी मूळ गाडी घेऊन तिथे एक दिवस जा. ब्रेक किती लवकर तापतात आणि तुझ्या आधी गाडी दमते की गाडीच्या आधी तू, ते तिथे कळेल. मग पहिला खर्च ब्रेक पॅड आणि ब्रेक फ्लुइडवर कर. एक पूर्ण हिवाळा गाडी जशी आहे तशी चालव, सॉफ्टवेअरकडे त्यानंतर वळ.

ॲन आर्बरची जी पांढरी २०१९ ची गोल्फ आर तुला आवडलीये, तिचा विन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) आधी विमा कंपनीला दे आणि हप्ता किती येतो ते बघ. सर्व्हिसची सगळी बिलं मला पाठव. शनिवारी पाहायला जाणार असशील तर मीही स्कॅनर घेऊन येतो. विकणाऱ्याला आदल्या रात्रीच सांगून ठेव की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. बॉनेटवर हात ठेवल्यावर ते थंडगार लागलं पाहिजे, थंड इंजिन सुरू होतानाच खरं बोलतं. खालून सबफ्रेम (गाडीखालचा सांगाडा) आणि ब्रेकच्या नळ्या रस्त्यावर बर्फासाठी टाकलेल्या मिठाने गंजल्यात का, तेही बघू. जुने कपडे घालून ये, गाडीखाली झोपावं लागेल.

तुझा
काका