क्योटोत बसच्या फार नादी लागू नका

क्योटो म्हटलं की जो तो सिटी बसच सुचवतो. पण चेरीच्या बहरात किंवा नोव्हेंबरात पानं लाल झाली की कियोमिझु देवळाकडच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. त्यामुळे आधी रेल्वे बघा. फुशिमी इनारीच्या देवळाला जायला क्योटो स्टेशनवरून जेआर (जपान रेल्वे) नारा लाइनची लोकल घ्या, इनारी हे दुसरंच स्टेशन. रॅपिड म्हणजे जलद गाडी तिथे थांबत नाही, घाईत तीच पकडली जाते! देवळातून परत मागे येऊ नका. जवळच केइहान या खासगी रेल्वेचं स्टेशन आहे, तिथून थेट गिओन भागातलं गिओन-शिजो स्टेशन. अराशियामा भागात जायलाही जेआरच बरी. किंकाकुजी या सोनेरी देवळाला मात्र बसशिवाय गत्यंतर नाही, तरी निम्मं अंतर मेट्रोने किताओजीपर्यंत काटा.

बसमध्ये मागच्या दाराने चढायचं, उतरताना पुढे ड्रायव्हरजवळ पैसे द्यायचे. शहरात सरसकट २३० येन. पेटी सुटे परत देत नाही, त्यामुळे आल्याआल्या इकोका हे प्रीपेड कार्ड घ्या. फक्त बसचा एक दिवसाचा पास २०२४ मध्ये बंद झालाय, जुने व्हिडिओ बघून तो शोधत बसू नका. मेट्रो-बसचा एकत्र पास ११०० येनचा. दिवसात चार-पाच फेऱ्या होणार नसतील तर घेऊ नका. आणि हो, मोठ्या बॅगा घेऊन बसमध्ये चढू नका, प्लीज.