मनाला विचारू नकोस

प्रिय मुला,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. ‘काका, मन जरा थाऱ्यावर आलं की व्यायाम सुरू करतो,’ हे वाक्य मी तीनदा वाचलं. हेच वाक्य मी माझ्या वडिलांना लिहिलं होतं, सदाशिव पेठेतल्या अशाच एका कॉटवर बसून, परीक्षेतल्या दुसऱ्या अपयशानंतर.

व्यायाम चांगला हे तुला माहीत आहे, त्यावर शाई घालवत नाही. तुझं चुकतंय ते क्रमात. ज्याला ताप आहे त्यालाच तू औषध आणायला पाठवतोयस. मनाला विचारू नकोस. ते आज नको म्हणेल, उद्याही नकोच म्हणेल.

माझे वडील औंधचे. तिथल्या संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी शाळाशाळांतून सूर्यनमस्कार रुजवले, त्या पिढीतले. ते म्हणत, पहिला नमस्कार घालून झाल्यावर मनाला उठवायचं. दहावीपर्यंत मी ते पाळलं. मग ‘अभ्यासाला वेळ हवा’ म्हणून सोडलं. त्या वाचवलेल्या अर्ध्या तासात मी एकही पान वाचलं नाही, छताकडे बघत पडून राहिलो. अशी पंधरा वर्षं गेली. वडील गेले तेव्हाही माझं तेच चालू होतं, आणि हे मला अजून सलतं.

एकतिसाव्या वर्षी शेजारच्या एका गृहस्थांनी मला जवळजवळ ओढतच पर्वतीवर नेलं. 103 पायऱ्या. चाळिसाव्या पायरीवर मी बसलो. त्या दिवशी मनाला काही म्हणजे काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी परत गेलो, तेही मनाविरुद्ध. चौथ्या आठवड्यात एका रात्री सलग झोप लागली. पुढे पान संपेपर्यंत पानाच्या सुरुवातीचं लक्षात राहू लागलं.

तू लिहिलंयस की परीक्षेच्या हॉलमध्ये छाती धडधडते, श्वास पुरत नाही, वाचलेलं पुसून जातं. आता बघ, चढ चढतानाही छाती धडधडते, धाप लागते, घाम फुटतो. फरक इतकाच की वर पोचून थांबलास की चार-पाच मिनिटांत ते ओसरू लागतं. रोज चढणाऱ्याच्या अंगात हे मुरतं, की धडधड येते आणि जाते, तिच्यामुळे आपण मरत नाही. मग हॉलमधली धडधड त्याला ओळखीची वाटते. हे पुस्तक वाचून येत नाही रे, पायांनीच शिकावं लागतं.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात 1999 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नैराश्य असलेली, पन्नाशी ओलांडलेली 156 माणसं. काहींना औषध, काहींना व्यायाम, काहींना दोन्ही. औषधाचा गुण लवकर दिसला, पण 16 आठवड्यांनंतर तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते. व्यायाम काय होता? आठवड्यातून तीनदा, देखरेखीखाली, अर्धा तास भरभर चालणं किंवा धावणं. वाटेल तेव्हा नव्हे, नेमून दिलेलं. मला त्यातलं हेच महत्त्वाचं वाटतं.

याचा अर्थ औषध टाळ असा लावू नकोस. जगणं नकोसं वाटू लागलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं, आणि मला फोन करायचा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. तिथेही मनाला विचारू नकोस.

आई शेवटच्या आजारात दवाखान्यात होती, तेव्हाही मी पहाटे चाळीस मिनिटं बाहेर पडत होतो. नातेवाईक बोलले. बहीण वर्षभर बोलली नाही. पण रात्र रात्र आईच्या उशाशी न चिडता बसायचं बळ मला त्या चाळीस मिनिटांतूनच मिळत होतं. मी गेलो नसतो तर तिसऱ्या रात्री तिच्यावरच ओरडलो असतो. मी स्वतःला ओळखतो. बहिणीला हे कधी पटलं नाही. मी आजही तसाच वागेन.

तेव्हा ट्रॅकपँट, बूट, जिमची फी, सोबतीला मित्र, हे सगळं राहू दे. अभ्यासिकेत जाण्याआधी पर्वती. पाऊस असेल तर खोलीतच बारा नमस्कार. सकाळी मन कसं आहे याची चौकशी बंद.

पुढच्या पत्रात मन कसं आहे ते लिहू नकोस. महिन्यातले किती दिवस गेलास, तेवढा आकडा लिही.

तुझा,
काका