यूसी न घेता बीजीएमआयमध्ये वर जाता येतं का? राजारामपुरीतल्या भावाला उत्तर

भावा, बीजीएमआय म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया या मोबाईलवरच्या गोळीबाराच्या गेमबद्दलचा तुझा प्रश्न नीट वाचला. बारावीनंतर कोल्हापुरात शिकायला आलास, राजारामपुरीत कॉट बेसिसवर राहतोस, फोन सेकंडहँड आहे आणि घरनं येणारे पैसे खानावळीतच संपतात. रूममधल्या तिघांकडे रॉयल पास (बक्षिसं मिळवून देणारा विकतचा पास) आहे, चकाकणाऱ्या गना आहेत, आणि तू गोल्ड या खालच्या रँकमध्ये अडकलायस. थोडे तरी यूसी (गेममध्ये पैसे देऊन घ्यायचं चलन) घेतल्याशिवाय पुढं जाता येतं का, असं विचारलंयस.

येतं. मी हा गेम आला तेव्हापासून खेळतोय. २ जुलै २०२१ ला तो आला आणि त्याच महिन्यात पंचगंगेचं पाणी गावात शिरलं, तेव्हा घरात अडकलेली आमच्या पेठेतली पोरं लाईट असेल तेवढा वेळ यावरच होती. आजवर यूसीला एक रुपया न घालता मी ऐस या वरच्या रँकपर्यंत जाऊन आलोय, आणि माझ्यापेक्षा चांगली खेळणारी, खिशात काही नसणारी पोरं मला माहीत आहेत.

पहिलं हे पक्कं डोक्यात ठेव की यूसीनं दिसणं विकत मिळतं, मार नाही. साध्या एम४१६ बंदुकीची गोळी जेवढं डॅमेज करते, तेवढंच पूर्ण अपग्रेड केलेल्या स्किनवाल्या (वरनं नुसती सजवलेल्या) एम४१६ ची करते. रिकॉइल, म्हणजे गोळी सुटताना बसणारा झटका, तोच, रिलोडला वेळ तोच. सूट अंगावर असला म्हणून व्हेस्ट जास्त टिकत नाही. शाहू स्टेडियमवर महागातले बूट घालून उतरलेला प्रत्येक जण गोल मारत नाही, तसंच आहे हे. तुझे रूममेट तुझ्यापुढं असतील तर ते जास्त मॅच खेळलेत म्हणून असतील, पासामुळं नाही.

आता फोन. ग्राफिक्स 'स्मूद'वर ठेव आणि फ्रेम रेट फोन देईल तेवढा वर ने. हाय म्हणजे सेकंदाला ३० फ्रेम, अल्ट्रा म्हणजे ४०, एक्स्ट्रीम म्हणजे ६०. तुझ्या फोनला ४० मिळत असतील तर तेवढ्यावर खेळ, पण एचडीच्या मोहापायी ३० वर येऊ नको. सावल्या आणि अँटी-अलायझिंग बंद कर. सगळे मॅप डाऊनलोड करून ठेवू नको. एरँगल आणि लिविक एवढे दोन ठेव, बाकीचे काढून टाक, जागा मोकळी होईल. चार्जिंगला लावून खेळू नको, कारण फोन तापला की स्वतःच वेग कमी करतो आणि नेमक्या शेवटच्या झोनमध्ये (आकसत जाणाऱ्या सुरक्षित वर्तुळात) स्क्रीन अडकायला लागते.

तुझ्या फोनला जायरोस्कोप सेन्सर आहे का ते आजच बघ. सेटिंगमध्ये जायरो 'ऑलवेज ऑन' करून फोन हलवला आणि नजर फिरली नाही, तर सेन्सर नाही. स्वस्तातल्या बऱ्याच फोनना तो नसतो. नसला तरी खेळता येतं, मग अंगठ्यानं रिकॉइल ओढायची सवय जास्त पक्की करावी लागते. पुढं कधी दुसरा फोन घेशील तेव्हा दुकानातच ही गोष्ट तपासून घे. कॅमेरा किती मेगापिक्सेल यापेक्षा आपल्याला याचा उपयोग जास्त.

यूट्यूबवरच्या मोठ्या खेळाडूंचा सेन्सिटिव्हिटी कोड टाकून लगेच फरक पडेल असं समजू नको. त्यांचा फोन वेगळा, स्क्रीनचा टच वेगळा, बोटं वेगळी. तो कोड सुरुवात म्हणून घे आणि ट्रेनिंग ग्राउंडला जा. तिथं सगळ्या गना, सगळे स्कोप फुकट मिळतात, रँक जात नाही, कुणी मागनं येऊन मारत नाही. भिंतीसमोर उभा राहा, रेड डॉट लाव आणि आख्खं मॅगझिन एका दमात सोड. गोळ्यांची भोकं वर चढत गेली तर त्या स्कोपची एडीएस (नेम धरून गोळी मारतानाची) सेन्सिटिव्हिटी थोडी वाढव. खाली जात असतील तर कमी कर. भोकं एका वितीत बसायला लागली की मग थोडं लांब जा, मग ३एक्स लाव. एका वेळी एकच आकडा बदल, नाहीतर नेमका कशानं फरक पडला ते कळत नाही. रोज मॅच सुरू करण्याआधी पंधरा-वीस मिनिटं एवढंच कर. रोज सेटिंग बदलणाऱ्याचा हात कधीच बसत नाही, म्हणून एकदा जमलं की ते लेआउट सेव्ह करून ठेव आणि त्याला हात लावू नको.

त्यानंतर टीडीएम, म्हणजे टीम डेथमॅच. वेअरहाऊसमध्ये चार विरुद्ध चार, ४० किल आधी करेल तो जिंकला. मेलास तर लगेच परत उभा राहतोस. क्लासिकमध्ये, म्हणजे शेवटपर्यंत जगायच्या मोठ्या मॅचमध्ये, वीस मिनिटं लूट करून एक फाईट मिळते, इथं तेवढ्या वेळात पन्नास मिळतात आणि क्लासिकची रँक जाग्यावर राहते. आपल्याकडं म्हणतात तसं खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी, ते इथंच शिकायला मिळतं. फक्त टीडीएमची एक सवय क्लासिकमध्ये आणू नको, ती म्हणजे दिसला की उघड्यावर पळत जाणं.

गोल्डमधनं बाहेर पडायचं तर क्लासिकमध्ये जिवंत राहणं जास्त महत्त्वाचं. रँकचे पॉइंट नुसते किलवर मिळत नाहीत, शेवटी कितवा आलास तेही मोजलं जातं. विमानातनं पोचिंकी, स्कूल, जॉर्जोपोल, मिलिटरी बेस इथं उडी मारलीस की पहिल्या दोन मिनिटांत लॉबीत परत येण्याची शक्यता मोठी. एरँगलवर गाटका, लिपोव्का किंवा विमानाच्या रेषेपासून बाजूला पडणारी घरांची वस्ती निवड. मार्कर लाव आणि तिथलं अंतर साधारण ७५० मीटर राहिलं की उडी मारून सरळ खाली ये. लांब जायचं असेल तर आधी उडी मारून पॅराशूट लवकर उघड. स्क्वॉडमध्ये असशील तर एकाला फॉलो करा, चौघं चार दिशांना उतरू नका. महिनाभर ठरलेल्या दोन-तीन जागीच उतर, म्हणजे कुठल्या घरात कुठं काय पडतं, गाडी कुठं असते, पळायची वाट कुठली, हे पाठ होतं. माझ्या मते नव्या खेळाडूनं करण्यासारखी ही सगळ्यात फायद्याची गोष्ट आहे, आणि नेमकी तीच कुणी करत नाही, कारण त्यात मजा कमी वाटते.

वेळ कमी असेल तर लिविक खेळ. दोन बाय दोन किलोमीटरचा मॅप, ५२ खेळाडू, पंधरा मिनिटांत विषय संपतो.

गनचं सांगतो. सुरुवातीला एम४१६ किंवा स्कार-एल घे, जवळच्यासाठी यूएमपी. एम४१६ ला मझल, ग्रिप, मॅगझिन, स्टॉक सगळं बसतं, म्हणून लूट वाढेल तशी ती सुधारत जाते. एकेएमला ग्रिप आणि स्टॉक लागतच नाही, त्यामुळं तिचा झटका हातानंच आवरावा लागतो. एम७६२ आणखी उसळते. दोन्ही ताकदीच्या आहेत, पण आत्ता नको. कॉम्पेन्सेटर आणि व्हर्टिकल ग्रिप मिळाली की लगेच लाव. एक्स्टेंडेड मॅगझिननं एम४१६ च्या ३० गोळ्यांच्या ४० होतात आणि या १० गोळ्यांवर फाईट फिरते. सेटिंगमध्ये पिकअपची मर्यादा ठरवता येते, ती ठरवून टाक. बॅग गोळ्यांनी भरून स्मोकला (धुराच्या ग्रेनेडला) जागा नसणं ही नव्या पोरांची नेहमीची अडचण असते. कमीत कमी तीन स्मोक जवळ हवेतच, कारण खाली पडलेल्या मित्राला उठवायला १० सेकंद लागतात आणि उघड्यावर तेवढा वेळ कुणी देत नाही.

लेव्हल १ ची व्हेस्ट ३० टक्के मार अडवते, लेव्हल २ ची ४०, लेव्हल ३ ची ५५. हेल्मेटचंही हेच गणित. म्हणून लेव्हल २ मिळाली की समाधान मानून पुढं चल, लेव्हल ३ च्या शोधात झोनबाहेर मरू नको. फर्स्ट एड आणि बँडेजनं आरोग्य ७५ पर्यंतच भरतं, पुढचं एनर्जी ड्रिंक आणि पेनकिलरनं हळूहळू भरतं. ड्रिंकनं बूस्ट ४० वाढतो, पेनकिलरनं ६०, म्हणजे दोन्ही मिळून पट्टी पूर्ण. ती पट्टी वरच्या भागात असली की पळायचा वेगही वाढतो. फाईटच्या आधी एक पेनकिलर घेऊन ठेवणं पुष्कळ जण विसरतात.

गवतात झोपून लपू नको. जवळनं गवत दिसतं, पण लांबनं बघणाऱ्याच्या स्क्रीनवर ते गवत येतच नाही आणि तू मोकळ्या जमिनीवर पडलेला दिसतोस. झाड, दगड, भिंत, उताराची पाठ, यांचा आधार घे.

आवाजासाठी साधे वायरचे इयरफोन घे. खर्च करायचाच असेल तर मी यूसीच्या आधी यावर करीन. ब्लूटूथवर आवाज उशिरा येतो आणि पायऱ्यांवरचा माणूस दारात पोचल्यावर कळतो. इयरफोन येईपर्यंत मिनीमॅपवर लक्ष ठेव, पावलांच्या आणि गोळ्यांच्या खुणा तिथं दिसतात.

आता फुकटात काय मिळतं ते. रॉयल पासचा मोफत भागही असतो, आठवड्याची मिशन पूर्ण केलीस की त्यातली बक्षिसं मिळतात. पुढं कधी पैसे साठवून पास घ्यावासा वाटलाच, तर सुरुवातीला घेऊ नको. मिशन करत पासाची रँक वाढव आणि मुदत संपत आली की बघ. जेवढ्या रँकपर्यंत पोचला असशील, तिथपर्यंतची विकतच्या भागातली बक्षिसं पास घेतल्यावर एकदम मिळतात. रँक कमीच राहिली असेल तर पैसे वाचले. क्रेट (बक्षिसांची पेटी) फोडायला लागणाऱ्या क्लासिक कूपनचे तुकडे इव्हेंटमधनं मिळत राहतात, १० तुकड्यांचं एक कूपन होतं. मिळालं की लगेच क्रेट फोडू नको, आवडीचा सूट येईपर्यंत साठव. आणि क्रेटमध्ये कुठली वस्तू निघायची शक्यता किती टक्के आहे ते आतच लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय यूसी टाकून लकी ड्रॉ फिरवायला जाऊ नको.

एका गोष्टीची मला खरंच काळजी वाटते. टेलिग्रामवर, इन्स्टावर 'अर्ध्या किमतीत यूसी' म्हणणारे पुष्कळ भेटतील. पासवर्ड, ओटीपी, फेसबुकचं लॉगिन मागणाऱ्याला काही देऊ नको. यूसी गेममधनंच किंवा अधिकृत साईटवरनं घेतात आणि तिथं तुझा कॅरेक्टर आयडी पुरतो. आमच्या पेठेतल्या एका पोराचं कित्येक महिने खेळलेलं खातं असंच गेलं, अजून त्याला हळहळ वाटते. रिडीम कोडही अधिकृत पानावरच टाक. ते ठरावीक लोकांनाच मिळतात, म्हणून जुन्या व्हिडिओतले चालत नाहीत. जुलै २०२२ ते मे २०२३ गेम स्टोअरवर नव्हता तेव्हा कुठल्याकुठल्या एपीके (स्टोअरबाहेरच्या ॲपच्या फाइली) फिरत होत्या, आता त्यांची काही गरज नाही. मोड किंवा हॅकच्या नादाला तर अजिबात लागू नको, खातं बंद होतं आणि सोबत खेळणाऱ्या मित्रांचीही मेहनत वाया जाते.

पहाटेपर्यंत जागून खेळू नको. थकलेल्या हातानं सलग मॅच हरत पॉइंट घालवण्यापेक्षा दोन हरल्या की फोन ठेव. गावाकडचा धाकटा भाऊ तुझ्यासोबत खेळायला बसणार असेल तर हेही सांगून ठेवतो, अठराच्या आतल्या मुलांसाठी गेममध्येच दिवसाला ३ तासांची मर्यादा आणि पालकांची परवानगी ठेवलेली आहे. तुझं खातं देऊन ती चुकवू नको.

तू फोनचं मॉडेल लिहिलं नाहीस. ते सांग, आणि जायरो चालतो का, रात्री रूमवर पिंग (नेटला लागणारा उशीर) किती येतो, एरँगलवर कुठं उतरतोस तेही लिही. सेन्सिटिव्हिटीचे सुरुवातीचे आकडे त्यावरनं बसवून देतो. रविवारी सकाळी आमचा स्क्वॉड असतो आणि चौथा गडी बऱ्याचदा कमी पडतो, तेव्हा आयडी पाठव.