आमच्या मसाल्याचं नाव कपड्याच्या दुकानावर!

प्रश्न: आमचा कोथरूडला घरगुती मसाल्यांचा छोटा धंदा आहे, नाव मसाल्यासाठी रजिस्टर केलंय. आता हडपसरला कुणीतरी त्याच नावानं कुर्त्यांचं दुकान काढलंय. थांबवता येईल का?

उत्तर: ताई, बहुतेक नाही. ट्रेडमार्कसाठी मालाचे आणि सेवांचे मिळून 45 वर्ग आहेत, मसाले 30 मध्ये, कपडे 25 मध्ये, आणि तुमचा हक्क मुळात ज्या मालासाठी नोंदणी केली त्याच्यापुरता आणि त्याच्याशी मिळत्याजुळत्या मालापुरता असतो. नाव देशभर गाजलेलं असेल तर 1999 च्या कायद्यातलं कलम 29(4) वेगळ्या मालालाही लागू होतं, पण ती प्रसिद्धी पुराव्यानं दाखवावी लागते, गल्लीतली ओळख पुरत नाही.

आणि नुसत्या वर्गाच्या नंबरावरही जाऊ नका हं. लोणचं 29 मध्ये येतं, तरी तुमच्या नावाचं लोणचं कुणी विकलं तर भांडता येईल कारण गिऱ्हाईक तेच, दुकानही तेच. उलट 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानं कर्नाटकातल्या ‘नंदिनी’ दुधासमोर ‘नंधिनी’ हॉटेललाही नोंदणी दिली, वर्ग सारखे असूनसुद्धा!

कुर्तेवाल्याचं सोडा, पुढे लोणची काढणार असाल तर 29 चा अर्ज आत्ताच टाका.