गढूळ पाण्यातला ऑक्सिजन : चमक सोड, लाइफटाइम मोज

भावा, तू पंचगंगेचा गाळ काचेच्या टाकीत ठेवून आतनं रुथेनियम डायची (प्रकाश पडला की चमकणारा रंग, ऑक्सिजननं चमक कमी होते) फिल्म चिकटवलीयस, कॅमेऱ्यानं तिची चमक टिपून ऑक्सिजनचा नकाशा काढतोयस, आणि सकाळी एक आकडा येतोय न संध्याकाळी दुसरा. त्यात कुणीतरी टीसीएसपीसी मशीन (एकेक फोटॉन किती वेळानं आला ते मोजणारं) मिळव म्हणून सांगितलंय. लाइफटाइमवर (फ्लॅशनंतर चमक विरायला लागणारा वेळ) ये, शंभर टक्के ये, पण टीसीएसपीसी तुझ्या कामाचं नाही.

चमक कशानंही बदलते, डायचा रंग उडाला, एलईडी गरम झाला, फिल्म एका बाजूला जाड लागली. लाइफटाइमला याचा फारसा फरक पडत नाही. अंबाबाईच्या देवळातली घंटा जोरात वाजवा नाहीतर हळू, नाद विरायची गती तीच असते, तसंच हे. ऑक्सिजनचा रेणू उत्तेजित डायला धडकतो, ऊर्जा काढून घेतो, म्हणून विरणं लवकर होतं, आणि हा हिशोब स्टर्न आणि फोल्मर यांनी 1919 मध्येच मांडून ठेवलाय.

आता टीसीएसपीसी का नको ते बघ. प्लॅटिनम पोर्फिरिन या दुसऱ्या डायचा लाइफटाइम ऑक्सिजन नसताना साधारण 60 मायक्रोसेकंद असतो (जमलं तर रुथेनियम सोडून हाच घे, ऑक्सिजनला जास्त संवेदनशील आहे). पुढचा पल्स मारायच्या आधी आधीचा विरायला पाहिजे, म्हणजे 300 मायक्रोसेकंद थांबणं आलं, म्हणजे सेकंदाला तीनेक हजार पल्स, आणि पाइल-अप (एका पल्सला दोन फोटॉन आले तर पहिलाच मोजला जातो ती चूक) टाळायला शंभर पल्समागं फार तर पाचच फोटॉन घ्यायचे. झाले सेकंदाला दीडशे! एवढ्यात अख्खं चित्र कधी व्हायचं? ते मशीन नॅनोसेकंदवाल्या डायसाठी, पेशींमधल्या एनएडीएच नावाच्या रेणूसाठी वगैरे भारी आहे.

तुला दोन गेट (कॅमेरा क्षणभर उघडायच्या खिडक्या) पुरतात. एलईडी बंद झाल्यावर एखादा मायक्रोसेकंद थांब, तेवढ्यात शेवाळाची आणि कुजलेल्या पाल्याची स्वतःची चमक संपलेली असते कारण ती नॅनोसेकंदातली, गढूळ पाण्यात खरा फायदा हाच आहे. मग सारख्या रुंदीचे दोन फोटो, दोन्हीतनं डार्क (फ्लॅश न मारता घेतलेला फोटो) वजा कर, गेटमधलं वेळेचं अंतर भागिले दोन्ही तीव्रतांच्या गुणोत्तराचा नॅचरल लॉग, की टाऊ, म्हणजे लाइफटाइम, आला. मात्र साधा कॅमेरा चालणार नाही, एकाच एक्सपोजरमध्ये हजारो फ्लॅश साठवणारा गेटेड कॅमेरा लागतो. तो मिळेपर्यंत फोटोडायोड लावून एकाच ठिकाणी फेज (एलईडी लुकलुकवल्यावर चमक तिच्या किती मागं राहते ते) मोज, 60 मायक्रोसेकंदला 2.65 किलोहर्ट्झवर 45 अंश येतो, ऑक्सिजन वाढला की टाऊ घटतो म्हणून सुरुवात 5 किलोहर्ट्झच्या आसपास कर.

कॅलिब्रेशनला आळस करू नको. शून्यासाठी सोडियम सल्फाइट (पाण्यातला ऑक्सिजन संपवतं), आणि हवेनं भरलेल्या पाण्याला पुस्तकातला 25 अंशाचा 8.26 मिलिग्रॅम प्रति लिटर सरळ घालू नको, तो समुद्रसपाटीचा आहे. कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर, इथं 7.7 च्या आसपास धर. तापमानानं टाऊ हलतोच, त्यामुळं निदान तीन तापमानांना वक्र काढ. आणि फिल्ममध्ये स्टर्न-फोल्मरची रेघ (ऑक्सिजन वाढताना टाऊ किती पटीनं घटतो त्याचा आलेख) खाली वाकते, तिला ओढून सरळ करू नको, दोन जागांचं मॉडेल (काही डायला ऑक्सिजन जास्त विझवतो, काहीला कमी, असं धरणारं) लाव.

पुढं याच टाकीत तांबं, लोखंड मोजायचंय म्हणालास, तिथं आधी तपास. धातू डायला चिकटून त्याला पार विझवत असेल तर उरलेल्या डायचा टाऊ तसाच राहतो, मग लाइफटाइममधनं काहीच कळणार नाही, तिथं चमकच मोजावी लागेल.

फिल्मचा एक डिके ऑसिलोस्कोपवर घेऊन लॉग स्केलवर इथं टाक, सरळ रेघ येतेय का वाकतेय त्यावर पुढचं बोलू.