मुलगी विचारतेय, ‘आपलं बाळ पण पापी आहे का?’

डब्लिनहून एका ताईंनी विचारलंय. मुलगी तिथल्या कॅथलिक शाळेत दुसरीत आहे, वर्गात फर्स्ट कम्युनियनची (मुलं चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र भाकरीचा प्रसाद घेतात त्या विधीची) तयारी चालू आहे, आणि परवा ती पाळण्यातल्या भावाकडे बघून म्हणाली, हा पण पापी आहे का? सासूबाई भडकल्यात, शाळाच बदला म्हणतायत.

ताई, शाळेचं नंतर बघू, आधी मुलीला सांगा की नाही गं, बाळानं काहीच वाईट केलेलं नाही. आणि हे तुम्ही तिची समजूत काढायला सांगताय असं नाही, खुद्द कॅथलिक चर्चचंही तेच म्हणणं आहे. 1992 च्या त्यांच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात स्पष्ट लिहिलंय की मूळ पाप (प्रत्येक माणसाला जन्मतःच असतं असं ते मानतात ते पाप) हे कुणी केलेलं कृत्य नाही, ती माणसाच्या वाट्याला आलेली अवस्था आहे. आदाम आणि हव्वेनं देवानं नको म्हटलेलं फळ खाल्लं (बायबलमध्ये ते सफरचंद होतं असं कुठेही नाही बरं का), देवाशी असलेलं नातं तुटलं, आणि तेव्हापासून माणूस चांगलं काय ते कळत असूनही वाईटाकडे ओढला जातो, असा तो विश्वास. बाप्तिस्म्यानं (ख्रिस्ती होताना पाण्यानं करतात त्या विधीनं) ते नातं परत जुळतं आणि मूळ पाप धुतलं जातं, ओढ मात्र शिल्लक राहते, असं ते मानतात.

हा विचार पक्का मांडला तो संत ऑगस्टीननं, चौथ्या-पाचव्या शतकात, उत्तर आफ्रिकेत. त्याची एक गोष्ट मुलीला नक्की सांगा. सोळा वर्षांचा असताना त्यानं मित्रांबरोबर रात्री शेजारच्या झाडाची नासपती चोरली, भूक नव्हती, घरी याहून चांगली होती, बरीचशी तर डुकरांपुढे टाकली, आणि मग आयुष्यभर तो विचार करत राहिला की मी हे केलं का? सात-आठ वर्षांच्या मुलीला हे बरोब्बर कळतं, भावाचं खेळणं हिसकावताना तिलाही माहीत असतंच की आपण चुकतोय.

सगळे असंच मानतात असंही नाही. तिच्या वर्गात रोमानियाची किंवा युक्रेनची ऑर्थोडॉक्स (पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथाची) मुलं असतील तर त्यांच्याकडे शिकवतात की आदामाकडून मरण आणि दुबळेपण आलं, त्याचा दोष नाही. ज्यू लोकांकडे तर गोष्ट तीच, पण मूळ पाप ही कल्पना नाही.

सासूबाईंशी मात्र शांतपणे बोला. पूजेनंतर प्रदक्षिणा घालताना आपण ‘पापोऽहं पापकर्माहं पापात्मा पापसंभवः’ म्हणतोच ना, त्यामुळे देवापुढे स्वतःला पापी म्हणणं आपल्याला परकं नाही. फरक आहे तो असा की आपल्याकडे संचित ज्याचं त्याचं, मागच्या जन्मी स्वतः केलेलं, आणि त्यांच्याकडे पहिल्या पूर्वजापासून सगळ्यांना आलेलं. म्हणून ‘सगळे धर्म सारखेच’ असं सांगून मुलीला गप्प करू नका, फरक सांगा, मुलांना तो झेपतो.

ती ‘माझा बाप्तिस्मा नाही, मग माझं काय?’ असं विचारेल, त्याचीही तयारी ठेवा. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांनाही देव जवळ करेल अशी आशा ठेवायला जागा आहे, असं व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगानं 2007 मध्ये मांडलं, आणि तुम्ही तर सरळ सांगा की आपण हे मानत नाही, तुझ्या मैत्रिणी मानतात.

आता शाळा. आयर्लंडच्या राज्यघटनेतल्या 44 व्या कलमानुसार सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत धर्मशिक्षणाला न बसण्याचा मुलांना हक्क आहे. शाळा न बदलताही तुम्ही तो मागू शकता. पण आधी टीचरना भेटा, त्या तासात तिला कुठे बसवतील ते विचारा, एकटीला कोपऱ्यात बसवणार असतील तर आधी त्यावर बोला, आणि मग तिला स्वतःला काय हवंय तेही विचारा.